ओव्याच्या परसातला तोफगोळा

महाराष्ट्रात मेटल डिटेक्टर येण्याच्या कितीतरी आधी पायाळू माणूस होता. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायाने बाहेर आलेला. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे हंडे दिसतात, अशी गावोगावची खात्री. त्याला ना बॅटरी लागे, ना हेडफोन. शिवाय यंत्राला न जमणारे एक काम तो वरकड म्हणून करी: कुणाच्या कमरेत उसण भरली की तिथे हलकी लाथ देऊन ती उतरवी. आजवर एकाही कंपनीने ही सोय आपल्या यंत्रात दिलेली नाही. पायाळूने दाखवलेल्या जागी हंडा निघाला नाही तर बोल मात्र त्याच्यावर कधीच येत नसे. हंड्यावर नाग तरी बसलेला असे, नाहीतर धन ‘सरकलेले’ असे. यंत्र विकणाऱ्यांनी एवढी युक्ती उचलली आहे. त्यांच्या माहितीपुस्तिकेत नागाच्या जागी ‘खनिजयुक्त जमीन’ असते.

ती पुस्तिका माझ्या हातात पडली ओव्याला. पनवेल तालुक्यातले हे गाव खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहे, म्हणजे कागदोपत्री शहर. पहाटे कोंबडा आरवतो तेवढ्यापुरते अजून गाव. माझ्या आत्याचे सासर तिथले. घर कौलारू, पुढे ओटा, मागे परस, परसात एक शेवगा आणि वापरात नसलेली विहीर. हे घर पाडायचे ठरले, सह्या झाल्या, बिल्डरचा माणूस फीत लावून मोजून गेला आणि आत्याच्या नातवाला एकाएकी इतिहासाचा उमाळा आला. त्याने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला. “काका, जेसीबी यायच्या आत सगळं परस बघून घेऊ. मी शोधतो, तुम्ही ओळखा,” अशी वाटणी त्याने परस्पर करून टाकली. ओळखणाऱ्याला खणावे लागत नाही, हे ध्यानात घेऊन मी रुकार दिला.

यंत्राचे तत्त्व तसे साधे. दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे, त्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह, त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते. वाटेत धातू भेटला की त्याच्यात छोटे भोवरे-प्रवाह उठतात, ते आपले उलटे क्षेत्र उभे करतात आणि यंत्र ‘टुंईंऽऽ’ म्हणते. अडचण ओव्याच्या भूगोलाची. डोंगर बेसॉल्टचा, त्याच्या मातीत मॅग्नेटाइटचे कण. खाडीच्या अंगाची माती खारी, आणि ओली खारी माती स्वतःच वीज वाहून नेते. यंत्राला दोन्ही बाजूंनी भुलवायची सोय निसर्गाने करून ठेवलेली. त्यात गेल्या काही वर्षांत गावाभोवती इमारती उठल्या, त्यांचा राडारोडा खड्ड्याखड्ड्यांत पडला. परसात पाऊल टाकल्याबरोबर यंत्र जे गाऊ लागले ते थांबेचना. आत्या ओट्यावरून म्हणाली, “त्याला काहीतरी खायला घाला.”

अशी फजिती थोरामोठ्यांचीही झालेली आहे. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात राहिली आणि ती कुठे आहे हे डॉक्टरांना कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले नवे धातुशोधक यंत्र घेऊन धावले. यंत्र वाजले, पण जिकडे न्यावे तिकडे वाजले. अध्यक्षांच्या बिछान्यात पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली, आणि गोळी होती दुसऱ्या बाजूला. गारफील्ड सप्टेंबरात वारले. टेलिफोन लावणाऱ्या माणसाला जिथे गोळी लागली नाही, तिथे बारावीतल्या पोराला परसात पहिल्या फटक्यात होन कसा लागावा?

होन नाही, पण बाकी पुष्कळ लागले. बांधकामातली बाइंडिंगची तार, सळईचे तुकडे, बाटल्यांची बुचे, एक विळ्याचे पाते, दाराची कडी, किल्ली नसलेले कुलूप. एक गोल चकती निघाली तिच्या मध्यभागी भोक होते. दुसऱ्या महायुद्धात तांब्याचा तुटवडा पडला म्हणून सरकारने १९४३ पासून भोकाचा पैसा काढला होता, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. नातवाने चकती धुतली. निघाला नळाचा वायसर. भोकाच्या पैशाच्या भोकाभोवती मुकुट आणि साल असते. वायसरच्या भोवती काही नसते. हा फरक ज्याला पाहिजे त्याने टिपून ठेवावा.

मग एक वस्तू निघाली जी मला ओळखता येईना. लोखंडी, चपटी, अर्धचंद्राला जवळची, कडेला खिळ्यांची छिद्रे. मी खंजिराच्या म्यानापासून घोड्याच्या खोगिरापर्यंत फिरून आलो. आत्याने चष्मासुद्धा लावला नाही. “पवळ्याची पत्री हाय ती,” म्हणाली. घोड्याचा खूर एकसंध, म्हणून त्याचा नाल एकच आणि वाकलेला. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला प्रत्येक पायाला दोन पत्र्या लागतात. बैलाला आडवा पाडून, पाय बांधून त्या ठोकायच्या. पवळ्याला खाली घ्यायला चार माणसे लागत आणि तरी त्याने एकदा नालबंदाला शेणात बसवले होते, ही माहिती कुठल्याही वस्तुसंग्रहालयाच्या पाटीवर मिळाली नसती.

आणि ही पत्री क्षुल्लक म्हणून फेकण्यासारखी नाही. मुंबई-पुण्याचा सगळा व्यवहार एके काळी पनवेलवरून होई. मुंबईहून होडीने पनवेल बंदर, तिथून पुढे बैलांच्या पाठीवर किंवा डोलीतून घाट चढून देशावर. बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० मध्ये झाला आणि १८६३ मध्ये रेल्वेने घाट सर केला. तोवर या पट्ट्यातून माल गेला तो बैलांच्या पायांनी. या वाटांवर किती पत्र्या झडून मातीत गेल्या असतील याचा हिशेब कोण देणार! इतिहासाच्या पुस्तकात बंदर असते, कर असतो, लढाई असते. पत्री मात्र नसते, ती खणावी लागते.

इथवर नातवाचा धीर सुटत आला होता. तेवढ्यात पडवीच्या कडेला यंत्राने सूर लावला तो असा भरदार, की शेजारची मंडळी कुंपणाशी आली. हातभर खणल्यावर निघाला गोळा. लोखंडी, गंजलेला, हाताला जड. “काका, तोफगोळा! कर्नाळ्याचा!” पोराचा आवाज चिरकला. शंका घ्यायला जागा नव्हती असे नाही, पण मोहही काही कमी नव्हता. कर्नाळा ओव्यापासून लांब नाही. निजामशाही, पोर्तुगीज, १६७० मध्ये शिवाजी महाराज, शेवटी १८१८ मध्ये इंग्रज, असे किती धनी त्या किल्ल्याने पाहिले. कुंपणापलीकडून एक आवाज आला, “आतमध्ये दारू असंल अजून, लांब व्हा!” सगळे मागे सरले. आत्या तेवढी जागची हलली नाही. तिला गुडघ्यामुळे ते शक्यही नव्हते.

गोळा वाण्याच्या काट्यावर नेला. भरला पाच किलोला किंचित कमी. इथे मला पहिल्यांदा आपल्या वाचनाचा उपयोग झाला. तोफगोळे ओतले जात ते पौंडांच्या, शेरांच्या, मणांच्या हिशेबाने, आणि आपल्याकडे किलोग्रॅम आला तो १९५६ च्या कायद्यानंतर. गंजाची घट धरून जो गोळा बरोबर पाच किलोवर बसतो, तो पोर्तुगिजांनी ओतलेला असणे कठीण. दुसरे, साच्यात ओतलेल्या गोळ्यावर दोन अर्धे जुळल्याची शीव बहुधा राहते. हा तर सगळीकडून सारखा, लेथवर काढलेला. मी हे सांगत असताना आत्तेभाऊ कामावरून आला, गोळ्याकडे त्याने एकदा पाहिले आणि तो सरळ पाय धुवायला गेला. पाय धुवायला माणसाला इतका वेळ लागत नाही. शेवटी आत्यानेच फोड केली: याने शाळेतून गोळाफेकीच्या सरावासाठी गोळा घरी आणला होता, परत केला नाही, मास्तरांनी विचारल्यावर ‘हरवला’ म्हणून सांगितले आणि पडवीत पुरून ठेवला. बापाचे बिंग नातवाच्या यंत्राने फोडले. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत अस्सल ऐतिहासिक शोध तो.

धन जिथे असते तिथे यंत्र बहुधा नसते, ही गोष्टच मजेची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे उमटवलेले. नवा राजा आला, जुनी नाणी वितळवत कोण बसतो, आपलाच छाप वरून मारा! पाट्यांवरचे नाव रंगवून बदलण्याची आपली परंपरा किती जुनी आहे ते यावरून कळावे. १९७४ मध्ये प्रवरेकाठी दायमाबादला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझची शिल्पे निघाली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोंच्या वर. भंगाराच्या दुकानात ही शिल्पे वजनावर गेली असती आणि रथवाल्याचे नंतर बंब झाले असते. तसे झाले नाही, हे आपले भाग्य. पण ती शास्त्रीय उत्खननातल्या एखाद्या नेमक्या थरातून आलेली नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल विद्वान पुढे भांडत राहिले. म. के. ढवळीकर ती उत्तर हडप्पा काळाची म्हणत, तर धातूतले आर्सेनिकचे प्रमाण पाहून डी. पी. अगरवालांनी शंका काढल्या. वस्तू सापडली की काम संपले असे आपल्याला वाटते. अभ्यासकांना हवी असते तिच्याभोवतीची माती.

याचे सुंदर उदाहरण इंग्लंडात घडले. १९९२ मध्ये सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचा मित्र मेटल डिटेक्टर घेऊन हातोडा शोधायला गेला आणि सापडली रोमन काळातली पेटी: सोन्याचांदीची जवळजवळ पंधरा हजार नाणी, दागिने, चमचे. या भल्या माणसाने थोडे खणल्यावर हात थांबवला आणि कळवले. पुरातत्त्वाचे लोक लगेच येऊन थरासकट सगळे उचलून घेऊन गेले. हातोडाही नंतर सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. आमच्या आत्तेभावाच्या गोळ्याला अशी संधी मिळण्याची चिन्हे नाहीत.

आपल्याकडे हात थांबवणे मोठे कठीण. २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला, त्यात बुऱ्हाणपुरातल्या मोगली खजिन्याचा उल्लेख आला, आणि तिथून जवळच्या असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते उकरू लागले. शेतकऱ्याला पेरणीआधीची खणणी फुकटात झाली, एवढाच काय तो लाभ. हा वेडेपणा निदान हसण्याजोगा. गुप्तधनासाठी मांत्रिक, अंजन, नरबळी इथपर्यंत मजल जात असल्यामुळे २०१३ मध्ये आपल्या राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. म्हणजे पायाळूचे प्रकरण मी सुरुवातीला थट्टेत घेतले, तेवढे ते सगळीकडे थट्टेचे नाही.

आमच्या परसाने शेवटी एक खरे नाणे दिले. जुन्या चुलीच्या भिंतीखालून. तांब्याची हिरवी पडलेली चकती, एका बाजूला पुसट तराजू. नातवाला त्यात रामदरबार दिसावा अशी त्याची फार इच्छा होती, कारण १८१८ सालचा रामदरबाराचा ‘आणा’ लाखांना जातो असा व्हिडिओ त्याने पाहिला होता. तसला आणा कंपनी सरकारने कधी पाडलाच नाही; ती देवळांबाहेर विकली जाणारी नकली चकती आहे. तांदूळ ओढणाऱ्या चमत्कारी नाण्याची गोष्टही त्याच कुळातली, तिच्यापायी लोकांनी दागिने विकले आहेत. तराजूचा पैसा मात्र खरा. मुंबई इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८३० च्या सुमारास असे पाव आणे काढले होते, तराजूच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदल’ असे लिहिलेले. हे नाणे दुर्मिळ नाही. शिवराई असती तर घराची शोभा वाढली असती: एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अक्षरे कडेला कापली जातात. सगळी अक्षरे सुबक, कडेला ओतकामाची रेघ आणि अंगावर बारीक छिद्रे असलेली शिवराई कुणी देऊ केली तर तिचा जन्म बहुधा गेल्या पावसाळ्यातला.

नाणे पाहून नातवाने कायदा उघडला. हल्ली तो खिशातल्या फोनमध्ये असतो. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांवर किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे, नाही कळवले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कायदा झाला तेव्हा दहा रुपये ही रक्कम होती. आज तेवढ्यात टपरीवर एक कटिंग येतो. चौकशीत खरा धनी कुणी निघाला नाही, आणि वस्तू शंभर वर्षांपूर्वी पुरलेली ठरली, तर वेगळा करार नसल्यास सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन ते घेऊ शकते. हे सगळे ऐकून आत्याने एकच मुद्दा काढला. “म्हणजे रुपयातले बारा आणे याचे आणि जागा माझी असून मला चार आणे? हा कायदा कुणी लिहिला?” इंग्रजांनी, असे सांगितल्यावर तिचे समाधान झाले.

पण तिचा प्रश्न नेमक्या जागी लागला होता. ठाण्याला १७८७ मध्ये किल्ल्याच्या बांधकामासाठी पाया खणताना ताम्रपट निघाले, शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ मधले. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या या राजाने त्यांत काय लिहून ठेवले होते? जमिनीचे दान. म्हणजे सातबाराच तो, तलाठ्याने कागदाऐवजी तांब्यावर कोरलेला. हजार वर्षांपूर्वीही या भागात जपून ठेवण्यासारखी मौल्यवान वस्तू जमीनच होती. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे-पनवेल-उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. पुढे जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. गुप्तधन शोधायला ओव्याला यंत्र घेऊन फिरणारा पोरगा ज्या मातीवर उभा होता, तिच्यापेक्षा महाग असे काही तिच्या पोटात असण्याचा संभव नव्हता. चौरस मीटरचा भाव गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्यावर मात्र यंत्र वाजत नाही.

सापडलेल्या वस्तूंची आत्याने ओट्यावर मांडामांड केली. पत्री तिने बाजूला काढून ठेवली. तराजूच्या पैशाला ती चिंच लावायला निघाली होती, तिला कसेबसे थांबवले. नाण्यावरची हिरवी पुटी गेली की वर उरलेली अक्षरेही जातात. गोळा शाळेत परत करावा असे नातवाचे मत पडले. आत्तेभावाने त्यावर मत दिले नाही. नाण्याचा अर्ज नातवाने रीतसर लिहिला: कुठे सापडले, किती खोल, शेजारी काय होते, सोबत मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो. अर्जावर सापडवणारा म्हणून त्याचे नाव आणि जागेची मालक म्हणून आत्याचा अंगठा, तोही तिने चाराऐवजी आठ आणे कबूल करून घेतल्यावर.

पनवेल-उरणकडची जुनी घरे आता भराभर पडताहेत. तुमचे त्यातले असेल तर जेसीबीवाल्याला एक सकाळ थांबवून परस आणि चुलीची जागा पाहून घ्या. संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्याच्या आवारात मात्र असले काही करू नका, तिथे परवानगीशिवाय खणणे गुन्हा आहे. जे निघेल ते घासू नका, चिंच लावू नका, आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या आणि तो काय सांगतो ते लिहून घ्या. नंतर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. रायगडचे जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला आहे. अर्जाची पोच मागून घ्या.